आधी हात वर करू द्या

सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी चौदा वर्षं दोन वेशांत शिकवलं. आठवडाभर साडी नेसून इतिहास-नागरिकशास्त्र आणि शनिवारी खाकी घालून एनसीसीची, म्हणजे राष्ट्रीय छात्रसेनेची परेड. एका सोमवारी नववीच्या वर्गात मूलभूत हक्क शिकवत होते. माझ्याच ट्रूपमधली (एनसीसीच्या तुकडीतली) एक कॅडेट उठली आणि म्हणाली, "बाई, शनिवारी ग्राउंडवर 'का' विचारलं तर उस्ताद फेऱ्या मारायला लावतात. सोमवारी तुमच्या पेपरात 'का' लिहिलं नाही तर तुम्ही मार्क कापता. आम्ही नक्की काय करायचं?"

वर्ग हसला. मीही काहीतरी बोलून वेळ निभावून नेली. पण प्रश्न खरा होता आणि मला त्याचं उत्तर येत नव्हतं. पुढची कितीतरी वर्षं मी ते शोधत राहिले. आज लिहायला बसले आहे, कारण तोच प्रश्न आता एका शाळेपुरता राहिलेला नाही.

जून २०२५ च्या सुरुवातीला महाराष्ट्राचे शालेय शिक्षणमंत्री दादाजी भुसे यांनी जाहीर केलं, की राज्यातल्या विद्यार्थ्यांना पहिलीपासूनच प्राथमिक स्वरूपाचं सैनिकी प्रशिक्षण देण्यात येईल. मुलांमध्ये देशप्रेम, शिस्त आणि व्यायामाची सवय रुजावी हा हेतू. त्यासाठी क्रीडाशिक्षक, एनसीसी, स्काउट-गाइड यांच्यासोबत राज्यातल्या सुमारे अडीच लाख माजी सैनिकांची मदत घ्यायची कल्पना. बातमी आली त्या दिवशी माझ्या जुन्या सहकाऱ्यांचे फोन आले. बहुतेकांना वाटलं होतं की मी आनंदाने उड्या मारत असेन.

मला आनंद झाला नाही. सैन्याने शाळेत येऊन नागरिकत्व आणि नेतृत्व शिकवावं, या मताची मी आहे, आणि त्या कामाला आयुष्याची उमेदीची वर्षं दिली आहेत. पण मुलाने स्वतः हात वर केल्यावर सैन्याने यावं. आपण त्याला हात वर करायला शिकवायच्या आधीच रांगेत उभं केलं, तर ज्या गोष्टीसाठी हा खटाटोप आहे तीच हातातून निसटते.

एनसीसी कशी जन्माला आली ते पाहिलं तर हे स्पष्ट होतं. इंग्रजांच्या काळात १९१७ पासून विद्यापीठांमध्ये लष्करी तुकड्या होत्या. पहिल्या महायुद्धात सैन्याला माणसं कमी पडत होती, त्यातून त्या निघाल्या. मुलांनी चांगलं नागरिक व्हावं ही त्यामागची इच्छा नव्हती. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने शाळा-महाविद्यालयांमध्ये देशव्यापी छात्रसेना असावी अशी शिफारस केली आणि १९४८ साली कायदा झाला. या कायद्यातली एक गोष्ट मी दरवर्षी पालकसभेत मोठ्याने सांगत असे: एनसीसीत नाव घातलं म्हणून कुणावर प्रत्यक्ष लष्करी सेवेचं बंधन येत नाही. आया सुटकेचा श्वास सोडत. ही तरतूद त्यांच्या सुटकेपुरती नाही. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने ठरवलं होतं की इंग्रजांनी शिपायांच्या भरतीसाठी वापरलेली गोष्ट आपण माणूस घडवण्यासाठी वापरू.

एनसीसीची जाहीर उद्दिष्टंही हेच सांगतात. चारित्र्य, बंधुभाव, शिस्त, धर्मनिरपेक्ष दृष्टी, साहसाची ओढ, निःस्वार्थ सेवा ही त्यातली पहिली. मग जीवनाच्या सर्व क्षेत्रांत नेतृत्व देऊ शकणारे तरुण घडवणं. सैन्यदलात जायची प्रेरणा देणं शेवटी येतं. मी प्रशिक्षणासाठी ग्वाल्हेरला गेले होते (पुरुष शिक्षकांसाठी हीच सोय आपल्याकडे, नागपूरजवळ कामठीला आहे), तेव्हा ही यादी आम्हाला पाठ करायला लावली होती. तेव्हा ती घोकंपट्टी वाटली. आता त्या क्रमाला मी फार महत्त्व देते.

सक्तीचा प्रयोग या देशाने एकदा करून पाहिला आहे. चीनविरुद्धच्या १९६२ च्या युद्धातल्या पराभवाने देश हादरला होता. १९६३ मध्ये महाविद्यालयीन मुलांना एनसीसी सक्तीची केली. त्या वेळची भावना मी समजू शकते. आमच्या भागातल्या गावागावांत युद्धाच्या त्या वर्षी जवान गेल्याच्या तारा आल्या होत्या. माझे थोरले काका १९६५ साली कॉलेजात होते. ते सांगत, की हजारभर पोरांमागे मूठभर प्रशिक्षक, बूट सगळ्यांना पुरायचे नाहीत, रायफली तर नाहीतच. मैदानावर हजेरी लागली की मागची रांग कुंपणावरून पसार. एकाने दुसऱ्याच्या नावाने 'हजर' म्हणायचं, ही त्यांच्या वर्गाची ठरलेली रीत होती. काका देशद्रोही नव्हते. १९७१ मध्ये रक्त द्यायला ते रात्रभर रांगेत उभे होते. पण एनसीसीचं नाव काढलं की ते आयुष्यभर नाक मुरडत राहिले.

१९६८ मध्ये सक्ती उठली. त्याआधीच शिक्षणक्षेत्रातून मागणी होत होती, की विद्यार्थ्याला निवड असावी. त्या चर्चेतूनच १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी. म्हणजे देशसेवेला दोन दारं झाली, एक खाकी कपड्यांचं आणि एक कुदळ-फावड्याचं, आणि कुठल्या दाराने जायचं हे विद्यार्थ्याने ठरवायचं. माझ्या मते हा स्वतंत्र भारताच्या शिक्षणातला एक फार शहाणा निर्णय होता, आणि त्याची आठवणही कुणी काढत नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. परेडला 'का' विचारत नाहीत, हे खरंच आहे. 'दाहिने मुड' म्हटल्यावर पन्नास जणांनी एकाच क्षणी उजवीकडे वळायचं असतं. तिथे एकाने थांबून कारण विचारलं तर पाठचा त्याच्यावर आदळतो. पण ती मुलगी त्या मैदानावर स्वतःच्या पायाने आली होती. आठवीच्या जूनमध्ये धावण्याच्या चाचणीला उभी राहिली होती, घरी भांडून फॉर्मवर वडिलांची सही आणली होती. पुढच्या शनिवारपासून येणार नाही असं तिने सांगितलं असतं, तर मी फार तर समजूत काढली असती. शनिवारचे दोन तास 'का' विचारायचं नाही, हे तिने स्वतः कबूल केलं होतं, आणि ते कबूल करताना तिचा 'का' तिच्याकडेच राहिला होता. स्वेच्छेने पाळलेल्या शिस्तीत आणि लादलेल्या शिस्तीत बाहेरून पाहणाऱ्याला काही फरक दिसत नाही. दोन्हीकडे रांग सरळच असते. ज्याला ती पाळायची आहे त्याच्या आत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो. नागरिक होणं आणि रयत होणं यातलाच तो फरक आहे.

पहिलीतलं सहा वर्षांचं मूल अशी कबुली देऊ शकत नाही. ते बाईंनी सांगितलं म्हणून उभं राहणार. एनसीसीच्या ज्युनिअर गटालाही किमान वयाची अट आहे, आणि ती सहा वर्षांच्या कितीतरी पुढे आहे. ज्या सैन्याच्या नावाने आपण पहिलीत जाऊ पाहतो आहोत, त्या सैन्याशी जोडलेल्या संघटनेने स्वतःसाठी आखलेली ही रेघ आहे. सहा वर्षांच्या मुलाला पळू द्यावं, लंगडी खेळू द्यावी, झाडावर चढू द्यावं. शाळेला मैदान नसेल तर आधी मैदान द्यावं. व्यायामाची सवय हवी असेल तर प्रत्येक शाळेला शारीरिक शिक्षणाचा पूर्ण वेळ शिक्षक हवा. आज कितीतरी शाळांत तो तास गणित किंवा इंग्रजीचा शिक्षक 'उरलेला पोर्शन' संपवायला उसना घेतो.

माजी सैनिकांबद्दल बोलताना मला जपून बोलायचं आहे, कारण मी पाहिलेल्या उत्तम शिक्षकांपैकी दोघे हवालदार होते. बटालियनकडून परेड घ्यायला येणाऱ्या या मंडळींना कॅडेट 'उस्ताद' म्हणतात. त्यांच्यातले एक गढवालचे होते. मराठीचा गंध नव्हता, पण दुसऱ्या शनिवारी त्यांना पन्नासही मुलांची नावं तोंडपाठ होती. आम्हा शिक्षकांना ती सहा-सहा महिने येत नाहीत. नकाशा वाचायला शिकवताना त्यांनी आमच्या तालुक्याचाच नकाशा पसरला आणि मुलांना सहा आकडी ग्रिड रेफरन्सने, म्हणजे नकाशावरच्या चौकटींच्या आकड्यांनी, स्वतःचं घर शोधायला लावलं. एका वाडीतला मुलगा ओरडलाच, "उस्ताद, हमारी विहीर यहाँ है!" भूगोलाच्या तासाला त्या मुलाने कधी मान वर केली नव्हती.

तरी मला विचाराल तर हेच उस्ताद पहिलीच्या वर्गावर पाठवू नयेत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला आव्हान आवडतं. सहा वर्षांच्या मुलाला आधार लागतो. वीस वर्षं जवानांना घडवलेल्या माणसाकडे पहिल्या कामाचं कसब असतं, दुसऱ्या कामासाठी वेगळं शिक्षण लागतं, आणि आपली सरकारं असं शिक्षण द्यायला किती दिवस देतात हे मी पाहिलेलं आहे. मैदानावर 'रगडा' हा रोजचा शब्द आहे. शिक्षा म्हणून उठाबशा, फेऱ्या, जमिनीवर लोळणं. शिक्षण हक्क कायद्याने २००९ सालीच शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी घातली आहे. मोठ्यांच्या जगात सरावाचा भाग समजली जाणारी गोष्ट लहान मुलाच्या बाबतीत गुन्हा ठरते, हे कुणी नीट समजावून सांगितल्याशिवाय त्या प्रामाणिक माणसालाही कळणार नाही.

आणि नुसती कळकळ पुरत नाही, देखरेख लागते. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाण्यातल्या एका महाविद्यालयाच्या आवारातली चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. चिखलात, पावसात कॅडेट हातांवर शरीर तोलून ओणवे आहेत आणि त्यांच्यातलाच एक वरिष्ठ विद्यार्थी त्यांना काठीने मारतो आहे. मारणारा सैनिक नव्हता, अधिकारी नव्हता. नेतृत्व म्हणजे काय याचा त्याला जो अर्थ कळला होता, तो तो करत होता. मला सर्वांत जास्त काय लागलं असेल, तर मार खाणाऱ्यांपैकी कुणी उठून उभं राहिलं नाही. पुढच्याच वर्षी तमिळनाडूत कृष्णगिरी जिल्ह्यातल्या एका खासगी शाळेत एनसीसीच्या नावाने शिबिर भरलं आणि तिथे तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. त्या शाळेत एनसीसी नव्हतीच. शिबिर बनावट, प्रशिक्षकही बनावट. खाकी कपडे घातलेला माणूस मैदानात आला, शाळेने त्याला फाटक उघडून दिलं. वर्दीबद्दलचा आंधळा आदर मुलांसाठी किती धोक्याचा असतो ते त्या शाळेत दिसलं. राज्यभर हजारो शाळांमध्ये एकदम प्रशिक्षक पाठवायचे म्हटलं, तर कोण आला, त्याला कुणी पाठवला, मुलींच्या वेळी सोबत कोण होतं, हे विचारणारी यंत्रणा कुठे आहे?

सक्ती शेवटी कुणाच्या मुलांवर येते हेही पाहायला हवं. अमेरिकेत माध्यमिक शाळांमध्ये १९१६ पासून असाच लष्करी कार्यक्रम चालतो. त्याला तिथे 'जेआरओटीसी' म्हणतात. नागरिकत्वाची मूल्यं, देशसेवा, वैयक्तिक जबाबदारी हीच त्याची कायद्यात लिहिलेली उद्दिष्टं, आणि साधारण साडेतीन हजार शाळांमध्ये तो आहे. कागदावर तो ऐच्छिकच आहे. पण शिकागोच्या सरकारी शाळांमध्ये नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलांची नावं कित्येक ठिकाणी त्यांना न विचारताच त्यात घातली जात होती, असं त्या शाळाव्यवस्थेच्याच महानिरीक्षकांच्या चौकशीत २०२२ मध्ये पुढे आलं. त्या शाळा मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांमधल्या होत्या. त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने देशभरातल्या डझनावारी शाळांमध्ये हेच चाललं असल्याचं दाखवून दिलं. श्रीमंत वस्तीतल्या पालकाला दुसरे पर्याय असतात, तो प्रश्न विचारतो, चिठ्ठी लिहितो. गरीब पालकाला वाटतं, शाळेने ठरवलंय म्हणजे असंच असतं. आपल्याकडे सक्ती आली तर जिल्हा परिषदेच्या शाळेत ती पूर्ण लागू होईल आणि महागड्या शाळांमध्ये तिच्या जागी घोडेस्वारी येईल. याबद्दल मला शंका नाही.

माझ्याशी वाद घालणारे दोन्ही बाजूंनी आहेत. एक म्हणतात, गणितही सक्तीचंच आहे की, मग हे का नको? गणित सक्तीचं आहे कारण ते येत नसेल तर मूल बाजारात फसतं. दोन आणि दोन चार होतात यावर मुलाची निष्ठा असावी लागत नाही. देशप्रेम हा निष्ठेचा विषय आहे, आणि निष्ठा हजेरीपटावर मोजायला गेलो की काकांच्या वर्गासारखी एकमेकांच्या नावाने 'हजर' म्हणणारी माणसं तयार होतात.

दुसरे म्हणतात, शाळेत रायफलच नको, सैन्यच नको. त्यांच्यातल्या काहींबद्दल मला आदर आहे, पण ते आमच्या जिल्ह्यात राहिलेले नाहीत. आमच्याकडे सैन्य शाळेच्या फाटकापाशी थांबत नाही. ते घरातच असतं. 'मिलिटरी आपशिंगे' असं ज्या गावाचं नावच पडलं आहे ते इथलं. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली. पहाटे पाचला कुठल्याही रस्त्याला लागा, भरतीसाठी पळणारी पोरं दिसतात. या मुलांना सैन्य कळावंच, फक्त नीट कळावं. दहा दिवसांच्या कॅम्पात जे कळतं ते भिंतीवरच्या पोस्टरने किंवा पडद्यावरच्या हिरोने कळत नाही.

कॅम्पाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा तिथेच आहे. आमच्या गावांत पाणवठे केव्हाच एक झाले, पण लग्नाच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं ते अजून सगळ्यांना माहीत असतं. कॅम्पात झोपायची जागा चेस्ट नंबरप्रमाणे लागते. आडनावाला तिथे काही काम नसतं. वाड्यातली मुलगी आणि बौद्धवाड्यातली मुलगी यांच्या सतरंज्या शेजारी पडतात, लंगरच्या रांगेत ताटली धुवायला दोघी एकाच नळावर येतात. रात्री पहाऱ्याला जोडी लागते तेव्हा दोन तास दोघींनी एकमेकींशी बोलण्याखेरीज दुसरं काही नसतं. मी नागरिकशास्त्राच्या तासाला समतेवर इतकी वर्षं बोलले. पहिल्यांदा घराबाहेर झोपलेल्या त्या मुलींना पहाऱ्याच्या एका रात्रीत जे कळलं ते मला तासावर कधीच देता आलं नाही. परत आल्यावर त्यांच्यातली एक दुसरीच्या घरी जेवायला गेली. तिच्या आजीने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी आजी बोलायला लागली.

मुलींच्या बाबतीत तर एनसीसीने जे केलं त्याला तोड नाही. २०२५ च्या प्रजासत्ताक दिनाच्या शिबिरासाठी देशभरातून दिल्लीला गेलेल्या २,३६१ कॅडेटपैकी ९१७ मुली होत्या. ज्या तालुक्यात दहावीनंतर मुलीला एसटीने एकटं पाठवायचं की नाही यावर घरात बैठक बसते, तिथून एक मुलगी दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या थंडीत महिनाभर राहून येते, तेव्हा तिच्यामागच्या दहा जणींच्या घरातली बैठक लवकर संपते.

कॅम्पातून जे येतं ते नेतृत्वाचं अर्धं अंग आहे. पुढे उभं राहायचं, आवाज काढायचा, आपल्या चुकीने दुसऱ्याला त्रास झाला तर ते मान्य करायचं. उरलेलं अर्धं मैदान देऊ शकत नाही, आणि ते त्याच्याकडून मागूही नये. चुकीचा हुकूम ओळखायचा कसा, ओळखल्यावर नाही कसं म्हणायचं, चार माणसांचं चार प्रकारचं मत ऐकून वाट कशी काढायची, ग्रामसभेत सरपंचाला हिशेब कसा विचारायचा, हे माझ्या सोमवारच्या तासाचं काम. आणि त्या तासाची आपण काय गत केली आहे? दहावीच्या चाळीस गुणांच्या इतिहासाच्या पेपरात राज्यशास्त्राच्या वाट्याला जेमतेम बारा-तेरा गुण येतात. मुलं ते शेवटच्या आठवड्यात गाइडमधून करतात. ग्रामसभा म्हणजे काय ते लिहितात आणि स्वतःच्या गावची ग्रामसभा कधी पाहिलेली नसते. नागरिकत्व कमी पडतंय म्हणून सैनिकांना बोलवायचं आणि नागरिकशास्त्राला बारा गुण ठेवायचे, यात आजार एकीकडे आणि औषध दुसरीकडे अशी गत होते.

मी माझ्या ट्रूपमध्ये एक गोष्ट सुरू केली होती. परेडनंतरचा शेवटचा अर्धा तास बेरे कॅप काढून गोल बसायचं आणि त्या दिवशी जे खटकलं ते नाव न घेता सांगायचं. उस्तादांनाही बसवत असे. पहिल्या वर्षी त्यांना ते रुचलं नाही. नंतर त्यांनीच एकदा कबूल केलं, की एका मुलाला पाय दुखतोय असं सांगूनही पळवलं, ते चुकलं. मैदानावर मोठ्या माणसाने असं म्हणताना त्या मुलांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. 'का' विचारायची जागा मैदानावर नसली तरी मैदानाला लागून असू शकते. माझ्या त्या मुलीला आज भेटले तर मी हेच सांगेन.

माझ्या म्हणण्यात एक कच्ची जागा आहे आणि ती लपवायची नाही. 'स्वेच्छा' हा शब्द मी फार सहज वापरते आहे. आमच्याकडच्या मुलांपैकी किती जण साहसाच्या ओढीने येतात आणि किती जण नोकरीच्या आशेने? दहावी-बारावीला सवलतीचे गुण, अग्निवीर भरतीत प्रमाणपत्राचे जादा गुण. कोरडवाहू तीन एकरांच्या घरातल्या मुलाची इच्छा आणि गरज यांच्यातली सीमा कुठे काढायची? २०२२ पासून भरती चार वर्षांची झाली आणि चौघांतला एकच कायम राहतो, हे कळल्यावरही पोरं पळताहेत, कारण दुसरं काही दिसत नाही. मला यावर पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. पहिल्याच दिवशी मी एवढंच करत असे, की 'ए' प्रमाणपत्राने (शाळेतल्या एनसीसीनंतर मिळतं ते) नोकरी मिळत नाही, असं फळ्यावर लिहून ठेवत असे. दोन-तीन मुलं दुसऱ्या शनिवारी येत नसत. बाकीची येत.

आणि ज्यांना यायचंय त्यांना तरी आपण सामावून घेतो का? १९४८ मध्ये २० हजार कॅडेटपासून सुरू झालेल्या एनसीसीची मंजूर संख्या २०२४ मधल्या तीन लाखांच्या वाढीने २० लाखांवर नेण्याचं ठरलं. २०२० मध्ये सीमेवरच्या आणि किनाऱ्यावरच्या १७३ जिल्ह्यांसाठी एक लाख जागा वाढवायचं जाहीर झालं होतं, त्यात एक तृतीयांश मुली. या वाढीचं मी मनापासून स्वागत करते. पण देशातल्या माध्यमिक शाळा आणि महाविद्यालयांतली मुलं कोटींनी मोजावी लागतात. ज्या संस्थेला परवडतं ती सगळा खर्च स्वतः उचलून स्वयंअर्थसहाय्यित योजनेतून एनसीसी घेऊ शकते. अनुदानावर जगणाऱ्या शाळेने मंजुरीची वाट पाहायची. मंजुरी असली तरी राज्याच्या वाट्याचा पैसा वेळेवर येईलच असं नाही. परेडनंतर मुलांना द्यायच्या अल्पोपाहाराचं बिल एकदा दीड वर्ष अडकलं होतं. त्या काळात केळी आणि उकडलेली अंडी मी आणि आमचे मुख्याध्यापक आळीपाळीने आणत होतो. पहिलीच्या लाखो मुलांना कवायत शिकवायला जो पैसा निघणार आहे, तो या मुलांच्या बुटांना, अंड्यांना आणि वाढीव जागांना द्यावा. प्रत्येक तालुक्यात, विशेषतः मुलींच्या आणि आश्रमशाळांच्या वाट्याला, नवे ट्रूप द्यावेत. माजी सैनिक तिथे हवेतच, पण प्रशिक्षण घेऊन, पडताळणी होऊन, शाळेतल्या शिक्षकासोबत.

आमच्या शाळेला दोन वर्षांच्या मिळून पन्नास जागा होत्या. म्हणजे दर जूनला आठवीतून पंचवीस घ्यायची. मी वर्गावर जाऊन एकच विचारत असे, "कुणाकुणाला यायचंय?" ज्यांनी हात वर केले त्यांची नावं एका वहीत उतरवायची, मग धावण्याची चाचणी, मग तोंडी प्रश्न, मग पंचवीस नावांवर टिक. निवड न झालेली मुलं विचारायची, "बाई, पुढच्या वर्षी?" पुढच्या वर्षी ती नववीत जायची आणि नववीतून नवीन भरती नसायची. वही अजून माझ्या कपाटात आहे. शेवटच्या वर्षी एकशे बारा नावं लिहिली होती. त्यातल्या सत्त्याऐंशी नावांपुढे टिक नाही.